आधी बोर्ड, मग तक्रार

कॅरम क्लबच्या निरोप समारंभाला मी गेले आणि तिथं तमाशा केला, असं आमच्या गल्लीत सांगतात. तमाशा केला हे खरं आहे. निरोपाला गेले हे मात्र साफ खोटं. मी भांडायला गेले होते, आणि भांडण पूर्ण करूनच खाली आले. शाल, नारळ, हार, फोटो आणि ‘आमच्या मनात तुमचं स्थान कायम राहील’ छापाची भाषणं यातलं मला काही जमत नाही. ज्या जागेनं अकरा वर्षं माझं डोकं ठिकाणावर ठेवलं, तिच्यासमोर गोड बोलून, पेढा खाऊन घरी यायचं? मला नाही जमणार.

माझं शिवणकामाचं दुकान औरंगपुऱ्याच्या मागच्या एका बोळात आहे, तळमजल्यावर. ब्लाउज, परकर, फॉल-पिको. दुकानाला लागून जिना आणि जिन्यावर तो क्लब. दुकान घेतलं तेव्हा वर काय आहे ते मी विचारलंच नव्हतं. पहिल्याच दिवशी दुपारी चारला डोक्यावर ‘टक’ झालं. मग टकटक, मग सोंगट्या विखुरल्याचा खडखडाट, आणि पाठोपाठ दहा-बारा पुरुषांचा ‘अर्रर्र’. तीन आठवडे मी कानात कापूस घालून मशीन चालवलं. चौथ्या आठवड्यात मात्र माझ्या दारातल्या खुंटीवर टांगलेल्या काळ्या मखमली ब्लाउजवर चार बोटं उमटली, पांढरीफक्क. कॅरमच्या बोर्डावर शिंपडतात ती बोरिक पावडर. जिना उतरताना कुणीतरी माझ्या मखमलीचा आधार घेतला होता, आणि ब्लाउज एका नवरीच्या मावशीचं होतं, दुसऱ्या दिवशी द्यायचं.

मी वर गेले. गळ्यात टेप, एका हातात ब्लाउज, दुसऱ्या हातात कात्री. कात्री हातात राहून गेली होती, पण नंतर क्लबात वर्षानुवर्षं सांगायचे की ताई कात्री घेऊन आल्या होत्या. लांबलचक खोली. स्टँडवर सहा बोर्ड, प्रत्येकावर पत्र्याची टोपी घातलेला दिवा खाली लोंबणारा, आणि फरशी पावडरीनं पांढरी. सगळे खेळायचे थांबले. मी तोंड उघडलं, ते चांगलं पाच मिनिटं बंद केलं नाही.

कोपऱ्यातल्या स्टुलावर एक म्हातारे गृहस्थ फडक्यानं स्ट्रायकर पुसत बसले होते. पांढरी कातरलेली दाढी, अंगात बिनबाह्यांचा स्वेटर. हेच क्लबाचे मालक, सगळ्यांचे चाचा. मूळचे देवगाव रंगारीचे. शहरात आल्यावर उमेदीची वर्षं घड्याळं दुरुस्त करण्यात गेली, म्हणून बोटं तशीच हलकी. मी दम घ्यायला थांबले तेव्हा ते म्हणाले, “ताई, तुमची बात सही है. पण हितं एक कायदा आहे. जिसको झगडा करना है, वो पैले सामनेवाले के साथ एक बोर्ड खेलता. बोर्ड झाला की मग बोला. घंटाभर बोला, कोई नै टोकता.”

“मी खेळायला नाही आले.”

“व्हय, ते तर दिसतंयच. कात्री खाली ठेवा.”

मखमलीला हात कुणाचा लागला ते कुणी कबूल करेना. मग चाचाच माझ्या समोर बसले. क्लब माझा म्हणजे हात माझाच, म्हणाले. मी चरफडत बसले, आणि स्ट्रायकर रेघेवर ठेवल्याबरोबर मला पिशोरचं माहेरचं घर आठवलं. माझ्या दोन भावांचा एक बोर्ड होता. त्यावर पोरींनी फक्त पावडर टाकायची आणि बाजूला बसायचं. कापूस वेचायला सगळं घर रानात गेलं की मी तो बोर्ड ओढून काढायचे आणि एकटीच खेळायचे. एकदा या बाजूनं, मग उठून त्या बाजूनं. कुणाच्याही बाजूचं नसलेलं ते खेळणं माझ्या बोटांत वीस वर्षं पडून होतं, हे मलाच माहीत नव्हतं.

मी चार सोंगट्यांनी हरले. पण राणी मी घेतली होती, आणि तिच्या पाठोपाठ माझी एक सोंगटी घालून ती पक्कीही केली होती. चाचा भुवया उडवून माझ्याकडे बघत होते. “आता बोला,” ते म्हणाले. गंमत अशी की राग गेला नव्हता, पण मला नेमकं काय हवंय ते आता कळलं होतं. जिन्याच्या वरच्या पायरीशी पाण्याची बादली आणि नॅपकिन ठेवा, खाली उतरणाऱ्यानं आधी हात धुवायचे. बस्स. दुसऱ्या दिवशी बादली आली, नॅपकिनला खिळा ठोकला गेला. त्या दिवशी चारला मी मशीन बंद केलं आणि कसलीही तक्रार नसताना वर गेले.

सुरुवातीला दोघा-तिघांना माझं बसणं खुपलं. एकानं बोलूनही दाखवलं की बाईमाणूस असल्यावर आम्हाला शिव्या देता येत नाहीत. मी म्हटलं, द्या की, मी पिशोरची आहे. त्यानंतर कुणी काही बोललं नाही. नवरा वाळूजला कंपनीत होता, त्यानंही विचारून पाहिलं, पुरुषांच्या क्लबात कशाला जातेस. मी त्याला सांगितलं, बोर्डाची काही हरकत असेल तर तो सांगेल. त्याला माझ्या नाकावरचा राग माहीत होता, त्यानं विषय सोडला.

चाचांच्या कायद्याला नाव नव्हतं, तो कुठं लिहिलेलाही नव्हता. पण तो पाळला जायचा. शहराचं नाव बदललं त्या दिवसांतली गोष्ट. आमच्यात एक निवृत्त चित्रकलेचे मास्तर होते आणि एक रिक्षावाले भाऊ. मास्तर नवं नाव घेत होते, भाऊ जुनं. एका दुपारी बोलता बोलता दोघं उभे राहिले, आवाज चढले, बाकीच्यांचेही चढायला लागले. चाचांनी नुसतं तीन नंबरच्या बोर्डाकडे बोट दाखवलं. दोघं बसले. आम्ही सगळे त्यांच्याभोवती. तो बोर्ड पाऊण तास चालला, कारण कुणी तसूभर हटायला तयार नव्हतं. शेवटी राणी घेताना मास्तरांचं कोपर रेघेबाहेर गेलं की नाही, यावर वाद पेटला आणि नावाचं भांडण राहूनच गेलं. कोपराचा वाद अजून मिटलेला नाही. नावाचंही तसंच. मास्तर नवंच म्हणतात, भाऊ जुनंच, आणि मास्तरांना घरी सोडते ती भाऊंचीच रिक्षा.

पण हा कायदा चालायचा तो त्याच्या दुसऱ्या अर्ध्या भागामुळं. बोर्डावर खोटं खेळायचं नाही. एकदा एक जण आपल्या सासऱ्यांना घेऊन आला आणि त्यांनी जिंकावं म्हणून भोकाच्या तोंडावरची सोंगटी मुद्दाम चुकला. चाचा उठले, त्याच्या हातातून स्ट्रायकर काढून घेतला आणि आठ दिवस येऊ नको म्हणून सांगितलं. सासऱ्यांसमोर. नंतर मला म्हणाले, “तोंडानं माणूस रोज झूठ बोलतो ताई, दुनिया है. पण हात से नक्को. हात झूठ बोलने लगा, तर मग बोर्डाचा काय उपयोग? भांडण कसं मिटणार?”

हे मला पटलं होतं. पटलं होतं आणि तरीही मी काय केलं ते सांगते.

दोन वर्षांपूर्वी चाचांचा उजवा हात थरथरायला लागला. पहिल्यांदा ते मला कानानं कळलं. त्यांचा स्ट्रायकर रेघेवर ठेवला की बोर्डावर बारीक टिकटिक वाजायची, मग फटका. गोळ्या चालू होत्या, ते त्याबद्दल बोलत नसत, आम्हीही विचारत नसू. एका दुपारी त्यांची एक सोंगटी भोकाच्या अगदी काठावर होती. अशी सोंगटी ते डोळे मिटून घालायचे. ती चुकली. स्ट्रायकर भलतीकडे गेला, आणि ते तिकडे बघत राहिले, जणू तो दुसऱ्याच कुणी मारला होता. पुढची पाळी माझी. माझ्या तीन राहिल्या होत्या, तिन्ही सोप्या. मी स्ट्रायकर केसभर बाजूला मारला. सोंगटी काठाला लागून थांबली. तो बोर्ड चाचा जिंकले, आणि मी पुण्य केल्यासारखी खाली येऊन मशीनवर बसले.

मग ती सवयच लागली. चुकल्यासारखं न दिसता चुकणं हे घालण्यापेक्षा अवघड असतं, आणि मी त्यात पटाईत झाले. याबद्दल मी कुणाशी चकार शब्द काढला नाही. नवऱ्याशीही नाही.

या हिवाळ्यात जागेचे मालक दुकानात आले आणि हसत म्हणाले, “ताई, आता तुम्हाला शांतता. पुढच्या महिन्यापासून वर अभ्यासिका.” स्पर्धा परीक्षेची मुलं-मुली दिवसभर बसून अभ्यास करतात ती अभ्यासिका. माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हातारा माणूस, इतक्या वर्षांचा भाडेकरू, आणि तुम्ही त्याला हाकलता, असं मी सुरू केलं. त्यांनी हात वर केले. “मी कशाला काढू? चाचांनीच येऊन सांगितलं, जागा घ्या म्हणून. ते मुलीकडं चाललेत, कन्नडला.”

ही मोठी पंचाईत झाली. मालकाशी भांडायची माझी सगळी तयारी होती. गल्लीतल्या बायका गोळा करायच्या, सह्यांचा कागद, सगळं एका मिनिटात डोक्यात तयार झालं होतं. आणि भांडायचं तर होतं चाचांशी. मी वर गेले आणि सगळ्यांदेखत म्हटलं, “चाचा, मला तक्रार करायची आहे. तुमच्याबद्दल.”

कायद्यानं त्यांनी माझ्यासमोर बसायला हवं होतं. ते स्ट्रायकर पुसत राहिले. “आज नक्को, ताई.” दुसऱ्या दिवशी डोळ्यांत औषध घातलं होतं. तिसऱ्या दिवशी घर बघायला कन्नडला गेले. परत आले तर कंबर धरली होती. तीन आठवडे हा माणूस मला टाळत राहिला. ज्यानं कायदा केला, तोच. मला झोंबलं ते क्लब बंद होण्यापेक्षा हे जास्त.

इकडं मास्तरांनी निरोप समारंभाचं मनावर घेतलं होतं. शाल ठरली, फोटोची फ्रेम ठरली. मास्तर माझ्याकडे आले की एक बोर्ड आपण चाचांना आठवण म्हणून देऊ, त्याला तुम्ही मखमलीची खोळ शिवा. मी म्हटलं, झाकतात ते संपलेल्याला, मी नाही शिवणार. मास्तर म्हणाले, ताई, भावना समजून घ्या. मी म्हटलं, भावना समजलीय, म्हणूनच नाही शिवणार.

रविवारी दुपारी चारला समारंभ. मी वर गेले तर खोली ओळखू येईना. फरशी पुसून काढलेली, बोर्ड भिंतीला टेकवून ठेवलेले, भाड्याच्या खुर्च्यांच्या रांगा, आणि समोर चाचा गळ्यात झेंडूचा हार घालून बसलेले. मास्तर भाषण वाचत होते. ‘वटवृक्ष’ हा शब्द पहिल्या पानावर दोनदा आला. ते दुसऱ्या पानावर आले तशी मी उठले, भिंतीचा चार नंबरचा बोर्ड ओढला, स्टँड फरशीवर करकरत मधोमध आणून लावला आणि सोंगट्या मांडायला घेतल्या.

“ताई, कार्यक्रम चालू आहे,” मास्तर म्हणाले.

“चालू द्या. मला तक्रार आहे.”

“हार-तुरे झाल्यावर बघू ना.”

“तीन आठवडे बघतेय.”

चाचांनी हळूच हार काढला, खुर्चीच्या पाठीला अडकवला आणि माझ्यासमोर येऊन बसले. मास्तर हातात दुसरं पान धरून उभेच राहिले.

पहिला फटका मारून मी डाव फोडला. एक गेली, दुसरी चुकली. चाचांनी स्ट्रायकर रेघेवर ठेवला, टिकटिक वाजली, फटका गेला, सोंगटी हलली पण गेली नाही. माझी पाळी. समोर सरळ सोंगटी, शिकाऊ माणूसही घालेल अशी. मी मारली आणि ती काठाला लागून थांबली. देवाशप्पथ सांगते, मी ठरवलं नव्हतं. मी तर त्यांच्याशी भांडायला बसले होते. हातानंच ते केलं.

चाचांनी आपला पंजा पसरून बोर्डावर ठेवला, सोंगट्यांवरच. खेळ थांबला.

“ताई, तुमची तक्रार राहू द्या. आधी माझी ऐका.”

“बोर्ड झाला नाही अजून.”

“हा बोर्ड व्हायचाच नाय. दो साल से इस क्लब में एक भी बोर्ड नै हुआ.” ते माझ्याशी बोलत होते, पण खोलीभर ऐकू जात होतं. “मेरा हात कांपता, आँख नै कांपती. मास्तर, दिवाळीच्या आधी तुम्ही माझ्यासाठी राणी सोडली. एकदा नाय, तीनदा. भाऊ, तुझा कट-शॉट मला माहीत नाय का? माझ्यासमोर तू भिंतीला मारतो. आणि ताई, तुम्ही तर लई सफाईनं चुकता. एकानं केलं असतं तर आठ दिवस घरी पाठवला असता. सगळ्यांना कुठं पाठवू? म्हणून मीच चाललो.”

मी मान वळवून बघितलं. मास्तर भाषणाचा कागद जवळ धरून वाचत होते. रिक्षावाले भाऊ छताकडं. बाकीचे आपापल्या चपलांकडं. आम्ही चौदा जण, एकमेकांच्या नकळत, दोन वर्षं एका माणसाला जिंकवत होतो, आणि प्रत्येकाला वाटत होतं की हा चांगुलपणा आपला एकट्याचाच. आणि तो प्रत्येक फटका ओळखत होता. मला इतकी शरम वाटली की उठून निघून जावं असं झालं. ज्या एका जागी कुणी कुणाला गोंजारत नव्हतं, ती जागा आम्ही गोंजारून मारली होती. मालकानं नाही, अभ्यासिकेनं नाही. आम्ही.

पण शरमेनं मान खाली घालून बसणं माझ्या स्वभावात नाही. माझ्या शरमेचा दोन मिनिटांत राग होतो.

“हात काढा, चाचा,” मी म्हटलं. “पुन्हा मांडते.”

या वेळी मी खेळले ते पिशोरच्या रिकाम्या घरात खेळायचे तसं. त्यांच्या दाढीकडं बघितलं नाही, थरथरीकडं बघितलं नाही. त्यांचा फटका चुकला की मी लगेच घालत होते. एकदा त्यांनी कडेला आपटून लांबची एक सोंगटी बरोबर घातली, थरथरत्या हातानं, आणि मला इतका आनंद झाला की मी तोंडातून आवाज येऊ नये म्हणून ओठ आवळले. कारण ती त्यांनी घातली होती, मी दिली नव्हती. मग मी राणी घेतली, पक्की केली, आणि माझ्या उरलेल्या संपवल्या. त्यांच्या सात बोर्डावर होत्या. सात आणि राणीचे तीन.

“दहानं हरलात,” मी म्हटलं.

चाचा बोर्डाकडं बघत होते. मग ते हसले. दोन वर्षांत जिंकल्यावर एकदाही ते असे हसले नव्हते, हे मला तेव्हा कळलं.

“आता बोला. घंटाभर बोला.”

तीन आठवडे मी भाषण पाठ केलं होतं. मास्तरांच्यापेक्षा लांब. त्यातलं काही आठवलं नाही. “आम्ही खोटं खेळलो, ही तुमची तक्रार,” मी म्हटलं. “मग तुम्ही आम्हाला समोर का नाही बसवलं? आधी बोर्ड, मग तक्रार, हा कायदा कुणाचा? तुम्ही तक्रार पोटात ठेवली आणि क्लब बंद केला. आम्ही चुकलो, पण कायदा तुम्ही मोडलात, चाचा.”

चाचांनी आपल्या उरलेल्या सोंगट्या एका रांगेत लावल्या. मग म्हणाले, “हौ. ये बात सही है.” आणि लगेच, “डर लगा, ताई. हारण्याला नाय घाबरलो. समोर बसवून सांगितलं, तर तुम्ही अजून गोड वागाल, त्याला घाबरलो.”

खरंच होतं, आम्ही तसंच वागलो असतो.

“जागेचा शब्द दिलाय ना तुम्ही?” मी विचारलं. “मग द्या जागा. शब्द मोडू नका. पण हा चार नंबरचा बोर्ड आता माझ्या दुकानात जाईल.”

मास्तरांनी घसा खाकरला. खोळीचा बेत बारगळल्यावर सगळेच बोर्ड कन्नडच्या एका शाळेला द्यायचं ठरलं होतं. मी म्हटलं, पाच द्या. चाचांनी मला विचारलं, “कुठं लावणार?”

“कापड बेतायच्या टेबलावर.”

“दिवा?”

“मशीनचा आहे, वळवता येतो.”

“खोटं खेळणाऱ्याला?”

“आठ दिवस घरी. तुम्ही असलात तरी.”

त्यांनी स्ट्रायकर फडक्यानं पुसला आणि माझ्या तळहातावर ठेवला. बोर्डाचं एक टोक मी धरलं, दुसरं रिक्षावाल्या भाऊंनी. जिन्याशी आल्यावर भाऊ थांबले. बोर्ड भिंतीला टेकवून आम्ही आधी बादलीत हात धुतले, नॅपकिनला पुसले, आणि मग खाली उतरलो. मास्तरांचं दुसरं पान वाचायचं राहिलं ते राहिलंच.

आता वर अभ्यासिका आहे. जिन्यावर पाटी लागलीय, शांतता राखा. पहिले काही दिवस मी चारला मशीन थांबवून छताकडं बघायचे. अकरा वर्षांपूर्वी जी शांतता मी ओरडून मागितली होती ती अशी मिळाली, आणि मला तिचा राग आला. अजूनही येतो. खाली मात्र आमचा एक बोर्ड चालतो. मास्तर येतात, भाऊ येतात, चौदातले आठ-नऊ जण आलटून पालटून येतात. गिऱ्हाईक आलं की त्याला मी थांबवते, माझी पाळी असेल तर. चाचा कन्नडहून एसटीनं येतात, महिन्यातून एखाद-दुसऱ्या वेळी, आणि बहुतेक वेळा हरतात. मागच्या खेपेला ते भाऊंशी जिंकले. मी भाऊंचा प्रत्येक फटका डोळ्यांत तेल घालून बघत होते. खरंच जिंकले.

गेल्या आठवड्यात साडेचारच्या सुमाराला वरून एक मुलगी उतरून आली. पंचविशीची असेल, चष्मा, हातात जाडजूड पुस्तक, त्यात पेन खुपसलेला. ती दारातच उभी राहिली.

“मावशी, लई आवाज येतो वर. आमच्या परीक्षा हायेत. किती दिवस झाले, मी गप बसले. पण आता नाय सहन होत.”

भाऊ लगेच सोंगट्या गोळा करायला लागले. सॉरी म्हणाले, आत्ता बंद करतो म्हणाले. मी त्यांचा हात धरला. पोरीचं बरोबर होतं. तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं आणि ती रागानं लाल झाली होती, आणि दोन्ही खरं होतं. मी अर्धं बेतलेलं कापड बाजूला सारलं आणि स्टूल तिच्याकडं सरकवलं.

“तुझं बरोबर आहे. बस. आधी एक बोर्ड खेळ माझ्याशी, मग तक्रार सांग. सगळी सांग.”

“मला खेळायला वेळ नाय मावशी. मी भांडायला आलेय.”

“ते दिसतंयच. पुस्तक खाली ठेव.”

तिनं माझ्याकडं बघितलं, भाऊंकडं बघितलं, आणि ती बसली. मी तिला फोडू दिलं. तिची पहिली गेली, दुसरी चुकली. माझ्या पाळीला माझी सोंगटी भोकाच्या तोंडावर होती. तिची परीक्षा होती, तिचे डोळे ओढलेले होते, आणि माझा हात सवयीनं क्षणभर सैल पडला.

मी ती सोंगटी घातली. पाठोपाठ माझी दुसरीही घातली, तिसरी खरोखरच चुकली. मुलीनं चष्मा वर सरकवला, स्टूल टेबलाजवळ ओढलं आणि माझ्यावर डोळे वटारून स्ट्रायकर मागितला.